भाच्याची कार्बाइन आणि घरातली दुनळी

इंदूरच्या सुदामानगरातून एक चारपानी पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, सही ‘डॅलसवाल्याचा मामा’ अशी आहे. त्यातलं कामाचं तेवढं देतो.

‘माझा भाचा टेक्सासात नोकरीला आहे. त्याच्याकडे ग्लॉक १९ पिस्तूल आहे आणि आता त्याला ९ एमएमची कार्बाइन (आखूड रायफल) घ्यायची आहे. तीन पसंत केल्या आहेत: हाय-पॉइंट, साडेतीनशे डॉलर, रुगर पीसी कार्बाइन, साडेसहाशे, आणि एमपी५ या जर्मन सबमशीनगनच्या धर्तीची तुर्की, सोळाशे. आमच्या घरात बंदूक आधीपासून आहे म्हणून तो मला विचारतो. दुसरं माझं स्वतःचं. सिमरोलजवळ आठ बिघे शेत आहे. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, रोही (नीलगायी) आणि रानडुकरं वेगळीच. मलाही तशीच एक कार्बाइन घ्यावीशी वाटते. महूच्या फौजेने बनवलेली म्हणे पन्नास हजारांतच पडते! एक ओळखीचा सांगतो की खरगोनकडून ‘नऊ एमएम’ची सोय चाळीस हजारांत होईल. वडिलांची (वय ८१) बारा बोअरची दुनळी आहे. दुकानदार पंधरा हजार देतो म्हणतो. ती विकून बाकीचे घालावेत का?’

नमस्कार, मामा. तुमच्या सहीमुळे मीही तुम्हाला मामाच म्हणतो.

आधी भाच्याचं, कारण ते सोपं आहे. फक्त एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे: त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे की तो एच-१बीवर आहे? अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस विकत घेताही येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. मोजके अपवाद आहेत. त्यातला सर्रास वापरला जाणारा म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. आपली पोरं कधीच शिकारीला जात नाहीत, तरी हा परवाना काढून ठेवतात, तो यासाठीच. पण ‘चालू मुदतीचा’ हे दोन शब्द महत्त्वाचे. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. एक सप्टेंबरला नवा काढला नाही, तर कपाटातलं पिस्तूल आदल्या दिवसापर्यंत कायदेशीर होतं आणि आज गुन्हा आहे. वर व्हिसावर गदा. ग्लॉक घेतलंय म्हणजे त्याने काहीतरी सोय केलेलीच असणार, पण कार्बाइनवर सहाशे डॉलर घालण्याआधी ती सोय आजही जिवंत आहे का, हे बघायला सांगा.

आता बंदूक. पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन ही कल्पना काही नवी नाही. १८७३च्या विंचेस्टर रायफलीत .४४-४० हे काडतूस चालायचं आणि थोड्याच वर्षांत कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस, एकच पट्टा. आजही तिचा मुख्य फायदा तोच आहे. भाच्याकडे ग्लॉक आहे, म्हणजे काडतूस ९ एमएमच राहणार. मग मॅगझिनही (काडतुसं भरायची डबी) तेच चाललं तर सोन्याहून पिवळं.

लांब नळीमुळे ताकद किती वाढते, याबद्दल दुकानात बऱ्याच बाता ऐकू येतात. ११५ ग्रेन वजनाची साधी गोळी चार इंची पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटरने निघते आणि सोळा इंची नळीतून ४००च्या आसपास. वाढ आहे, पण त्याने ९ एमएमची रायफल होत नाही. १४७ ग्रेनच्या जड, सावकाश गोळीला तर लांब नळीचा फारसा फायदाच होत नाही. पन्नास मीटरला नेम बसवला तर शंभर मीटरवर गोळी वीतभराच्या आसपास खाली लागते. खरा फायदा दस्त्याचा आहे. दस्ता खांद्याला आणि गालाला टेकला की पिस्तुलाने वीस मीटरवर चाचपडणारा माणूस सत्तर-ऐंशी मीटरवर ताटाएवढ्या निशाण्यावर आरामात मारतो. नवशिक्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात ते इथे.

आता या तिघींच्या पोटात काय आहे ते बघू, कारण किमतीतला फरक तिथे आहे. हाय-पॉइंट आणि रुगर या दोन्ही साध्या ‘ब्लोबॅक’ पद्धतीच्या आहेत. गोळी सुटताना बोल्टला (काडतुसाला मागून टेकणारा लोखंडी ठोकळा) जागेवर धरून ठेवणारं कुलूप त्यांत नसतं. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं चालतं. म्हणून बोल्ट जड ठेवावा लागतो, आणि प्रत्येक गोळीला तो लोखंडाचा गट्टू मागे येऊन आपटतो. एवढ्याशा काडतुसाला असा धक्का का, हा प्रश्न पहिल्यांदा कार्बाइन हाताळणारा हमखास विचारतो. रुगरने बोल्टमध्येच टंगस्टनचं एक सरकतं वजन बसवलं आहे. बोल्ट मागे थडकतो त्याच्या किंचित नंतर ते थडकतं आणि धक्का विभागला जातो. एमपी५च्या जातीत बोल्टच्या तोंडाशी दोन रोलर असतात. दाब उतरेपर्यंत ते बोल्टला क्षणभर रोखून धरतात. त्यामुळे बोल्ट हलका ठेवता येतो आणि बंदूक हातात जेमतेम हलते. मजा आहे त्यात, नाही म्हणत नाही. पण त्या मजेचे हजार डॉलर जास्त पडतात.

शिवाय तिसरीत एक मेख आहे. सोळाशेला मिळणाऱ्या त्या तुर्की बंदुकीची नळी जेमतेम नऊ इंचांची असते आणि कागदोपत्री ती विकली जाते ‘पिस्तूल’ म्हणून. मागे दस्ता नसतो; तो लावला की ती कायद्याने रायफल ठरते. अमेरिकेत रायफलीची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तर १९३४च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे वेगळी नोंदणी लागते. ती न करता भाच्याने ऑनलाइन दस्ता मागवला आणि शनिवारी दुपारी चार पिना ठोकून बसवला, तर तो संघीय गुन्हा होतो. परदेशी माणसाने या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. तिसरी बाद.

उरल्या दोन. हाय-पॉइंट दिसायला कुरूप आहे, हे तिचे चाहतेही मान्य करतात. पण चालते, आणि कंपनीची हमी आयुष्यभराची आहे, तीही मालक कितवा हे न विचारता. ज्याच्याकडे दुसरी बंदूक नाही आणि खिशात चारशेच डॉलर आहेत, त्याला मी तीच घ्यायला सांगेन. भाच्याची गोष्ट वेगळी. हाय-पॉइंटला तिचंच मॅगझिन लागतं, कंपनीचं दहा गोळ्यांचं. ग्लॉकची मॅगझिनं तिच्यात चालत नाहीत. रुगरच्या खोक्यात मॅगझिनची खाच बदलण्याचा दुसरा भाग येतो, तो बसवला की ग्लॉकची मॅगझिनं सरळ आत जातात. म्हणजे त्याच्याकडची सगळी मॅगझिनं पहिल्याच दिवशी कामाला लागतात. रुगरचे नळी आणि मागचा भाग असे दोन तुकडे करून साध्या पाठपिशवीत नेता येतात, आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. हाय-पॉइंटला पुनर्विक्रीचा भाव जवळजवळ नाहीच.

पण किंमत वसूल होणं, न होणं या तीनशे डॉलरांच्या फरकावर ठरत नाही. साधा हिशेब करा. महिन्यातून दोनदा रेंज, दर वेळी शंभर गोळ्या. वर्षाच्या झाल्या चोवीसशे. सरावाचं ९ एमएम काडतूस तिकडे साधारण पाव डॉलरच्या आसपास धरलं, तर वर्षाला सहाशे डॉलर, म्हणजे आणखी एक रुगर. रेंजची फी वेगळी. आणि महिन्यातून एकदाही जाणं होत नसेल, तर साडेतीनशेचीसुद्धा महागच. भाच्याला सांगा, रुगर घे, दुर्बीण-बिर्बीण सहा महिने घेऊ नकोस, लाल ठिपक्याची साधी साइट पुरे, आणि वाचलेल्या पैशांची काडतुसं आण. घरात संरक्षणाला ठेवणार असेल तर एवढं लक्षात असू दे की तिकडच्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या पत्र्यासारख्या पातळ असतात. ९ एमएमची गोळी दोन-तीन भिंती पार करून शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत जाते.

आता तुमचं.

मामा, ९ एमएमची कार्बाइन तुम्हाला मिळणार नाही. पन्नास हजारांत नाही आणि पाच लाखांतही नाही. २०१६च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सरकारी ९ एमएम काडतूस ज्यांत बसतं अशी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन निर्बंधित वर्गात टाकलेली आहेत. कार्बाइन हा शब्द तिथे छापलेला आहे. बोअर, म्हणजे नळीचं माप, वेगळं काढलं तरी सुटका नाही, कारण पिस्तूल वगळता अर्ध-स्वयंचलित बंदुकाही त्याच मोठ्या वर्गात येतात. अशा हत्याराचा परवाना कलेक्टर देत नाही, ते काम दिल्लीच्या गृहमंत्रालयाचं, आणि केबलचोरीसाठी ते होत नाही. भाच्याने तिकडून आणायचा मार्गही बंद आहे. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर सामान्य माणसाला बंदूक आयात करणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून थांबलेलं आहे.

महूचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे, फक्त ते तुमच्या कामाचं नाही. जानेवारी २०२१मध्ये जाहीर झालेली ‘अस्मी’ ही ९ एमएमची मशीन पिस्तूल आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची एआरडीई ही शस्त्र-संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून ती चार महिन्यांत उभी केली. आपल्या शेजारच्या गावची कामगिरी म्हणून अभिमान वाटावा अशीच आहे. पन्नास हजारांच्या आतला आकडा आहे तो कारखान्यातून बाहेर पडतानाचा अंदाजी उत्पादनखर्च, फौजेसाठीचा. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असं हत्यार कायद्याच्या व्याख्येतच प्रतिबंधित आहे. राजवाड्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या गळ्यात डावीकडून मॅगझिन निघालेली जी आखूड कार्बाइन दिसते, तीही ९ एमएमचीच, ब्रिटिश स्टर्लिंगची कानपूरला बनलेली आवृत्ती. तीही दुकानात मिळत नाही.

खरगोनच्या ‘सोयी’बद्दल दोनच वाक्यं. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार नुसतं बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल चौदा. त्या ओळखीच्याला पुन्हा फोन करू नका आणि त्याचा आला तर उचलू नका. (त्याच खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या अकादमीत रायफल शिकून आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पण खरगोन म्हटलं की तुमच्या ओळखीच्याला आठवतात ते बेकायदा गावठी कट्टेच.)

आता दुनळी. पंधरा हजारांत ती द्यायची नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात किमती वस्तू तीच आहे, आणि कारण कायद्यात आहे. शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी ज्या बंदुकीचा परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे, ती म्हणजे वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. तुमच्याकडे आहे ती. तुलनेसाठी सांगतो, २०१४मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ हे .३२चं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. अंधाऱ्या शेतात त्याने काय होणार? गोळी कुठे गेली ते मारणाऱ्यालाही कळायचं नाही.

वडील ८१ वर्षांचे आहेत हे इथे उपयोगी पडतं. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली असेल, तर त्याने नेमलेल्या वारसाच्या नावे परवाना मागता येतो. नियम २५. वडिलांच्या हयातीत, त्यांच्या सहीने हे काम जितकं सरळ होतं तितकं नंतर होत नाही. माघारी केलं तर आधी हत्यार ठाण्यात किंवा दुकानात जमा, मग सगळ्या भावंडांच्या संमत्या, मग तारखा. बंदूक वर्षानुवर्षं दुकानाच्या कपाटात गंजत पडते, भाडं चढत जातं आणि शेवटी कुणीतरी वैतागून फुंकून टाकतो. तेव्हा याच महिन्यात मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीत, जाऊन अर्ज घाला. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी हे सगळं तुम्हाला लागेल. वडिलांच्या परवान्याची मुदत आणि त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक आधी बघून ठेवा. चौकशीला शिपाई येईल तेव्हा घरातल्या कुणीतरी ‘कशाला हवी बंदूक’ म्हणून नाक मुरडू नये, एवढं घरी सांगून ठेवा.

परवाना नावावर झाला की काडतूस विकत घेण्याआधी बंदूक तपासून घ्या. तुम्ही लिहिता की ती ‘विलायती, आजोबांच्या वेळची’ आहे. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची आधी स्वतः खात्री करा. मग पुढचा लाकडी भाग काढून बंदूक बंद अवस्थेत कानाशी धरून हलवा. खडखड आली तर सांधा झिजलेला आहे. नळ्या सुट्या करून खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि आरपार बघा. आत उजेडाची वर्तुळं एकात एक स्वच्छ दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ चेपलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे, काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडलेत. नळीवर बाहेरून लाटालाटांची नक्षी असेल तर ती पिळाच्या पोलादाची जुनी नळी आहे. आजचं काडतूस तिच्यात घालू नका, भिंतीवर टांगा.

आणि आता जे बहुतेकांना दुकानदारही सांगत नाही ते. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर बारीक अक्षरांत ठसे असतात. तिथे अडीच इंचांची खूण आहे का, ते भिंग लावून बघा. जुन्या इंग्रजी बंदुकांचे कोठे (नळीत काडतूस बसतं ती जागा) बरेचदा अडीच इंची असतात, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. पुण्याच्या खडकी कारखान्याचं, दुकानात सहज मिळणारं ‘शक्तिमान’ काडतूस ७० मिलिमीटरचं असू शकतं. फसगत अशी की ते आत बसतं. बसतं, कारण त्याचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं. गोळी सुटताना ती घडी उलगडते, आणि तिला उलगडायला पुढे जागाच नसते. छर्रे अरुंद तोंडातून रेटले जातात आणि दाब चढतो. धट्टीकट्टी बंदूक एखाद-दुसऱ्या वेळी सोसते, झिजलेली सोसत नाही. जाणकार कारागिराकडून कोठा मोजून घ्या. त्याचे दोन-तीन हजार झाले तरी द्या.

बंदूक ठीक निघाली, तरी ती घेऊन केबलचोरावर मात्र जायचं नाही. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंतचा अधिकार कायदा दरोडा, रात्रीची घरफोडी, आग लावणं, जिवावर बेतणारी चोरी अशा प्रसंगांपुरताच देतो. विहिरीवर तांब्याची तार कापणारा पोरगा त्यात बसत नाही, आणि तुम्ही चालवली तर आरोपी तुम्ही. रोही आणि डुकरं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावरही नाही. मग दुनळी कशासाठी? घर शेतावर असेल, रात्री माणसं झोपत असतील तर त्यांच्या जिवासाठी, बस. केबलसाठी मोटारीवर लोखंडी पेटी, खांबावर सौर दिवा, आणि राखणीला माणूस. कार्बाइनसाठी बाजूला काढलेले पैसे इथे घाला.

नेमबाजीची हौस उरलीच असेल, तर ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घ्या. वीस जूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, आणि दहा मीटरवर कागदाला भोकं पाडायचा आनंद कार्बाइनपेक्षा कमी नाही. घरातल्या मुलांना शिकवायलाही तीच बरी.

भाचा डिसेंबरात येतोय असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. त्याला आजच कळवा: रेंजवर नेतोस ती बॅग प्रवासाला घेऊ नकोस. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ‘चुकून राहिलं’ हे पुढे कोर्टात सांगावं लागतं. बॅग नवीच घेऊ दे, त्याच्या एका महिन्याच्या काडतुसांपेक्षा ती स्वस्त पडेल.